पेट्रोलच्या लोखंडी नळीचा नट जाम झाला आहे. फिल्टर बदलायचा आहे, पण नळी वाचवायची आहे

जुनी_चारचाकी

नमस्कार. माझ्याकडे तीस वर्षांहून जुनी, पेट्रोलवर चालणारी गाडी आहे. इंजिनाला इंजेक्शन पद्धतीने पेट्रोल मिळते, पंप टाकीच्या आत आहे आणि पेट्रोलचा फिल्टर मागच्या सीटच्या बरोबर खाली, गाडीच्या तळाशी एका लोखंडी पट्टीने आवळून बसवलेला आहे. गेले काही महिने चढावर किंवा वेग वाढवताना इंजिन धापा टाकू लागते आणि पाय सैल केला की पुन्हा सुरळीत चालते, म्हणून फिल्टर तुंबला असावा असे समजून तो बदलायला घेतला. फिल्टरच्या दोन्ही टोकांना लोखंडी नळी आटे असलेल्या नटाने जोडलेली आहे. टाकीकडून येणाऱ्या बाजूचा नट थोडी कुरकुर करून सुटला. इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूचा नट मात्र सुटायला तयार नाही.

आता माझी चूक सांगतो. मी १४ मिमीचा साधा, उघड्या तोंडाचा पाना लावला आणि जोर दिला. पाना निसटला आणि नटाचे दोन कोपरे घासले गेले. पुन्हा नीट बसवून हळूहळू जोर दिला, तेव्हा नट किंचित हलल्यासारखा वाटला. मला आनंद झाला, पण टॉर्चच्या उजेडात पाहिले तर नटाबरोबर नळीही पिळली जात होती. तिथेच थांबलो. ही नळी फिल्टरपासून थेट इंजिनापर्यंत सलग एकच आहे आणि मधे आडव्या बीमच्या वरून गेलेली आहे, त्यामुळे ती तुटली तर पूर्ण नळी काढणे म्हणजे अर्धी गाडी उतरवण्यासारखे आहे.

माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की, फिल्टरमधले पेट्रोल आता निथळून गेले आहे, तेव्हा नटावर गॅसच्या टॉर्चची ज्योत दहा सेकंद धरावी, नट लोण्यासारखा सुटेल. मला हे पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. गंज सोडवणारे तेल किती वेळ मुरवावे, नळी कापणे टाळता येईल का, आणि कापावीच लागली तर काय काळजी घ्यावी, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


सबुरी

सर्वांत आधी आपल्या मित्राला त्या टॉर्चसह गाडीपासून लांब ठेवा. हे विनोदाने लिहीत नाही.

पेट्रोल निथळले म्हणजे धोका गेला, हा समज नेमका उलटा आहे. जळते ती वाफ, द्रव नव्हे, आणि काठोकाठ भरलेल्या डब्यापेक्षा नुकत्याच रिकाम्या केलेल्या डब्यात वाफ आणि हवा यांचे पेटण्याजोगे मिश्रण अधिक सहज तयार होते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ते मिश्रण पेट घेते, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेटण्यापुरती वाफ सोडत असते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे ती उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरत राहते, म्हणजे आपण जिथे पाठीवर पडून काम करता नेमकी तिथेच साठते.

ज्योत न लावता नुसते लोखंड तापवण्याची यंत्रे मिळतात, त्यांच्याविषयी कोणी सुचवण्याआधीच लिहितो. लोखंड अंधारात लालसर दिसू लागते तेव्हा ते ५०० अंशांच्या जवळपास गेलेले असते. पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेट घेण्याचे तापमान साधारण २५० ते २८० अंश सांगितले जाते. तेव्हा ज्योत नाही म्हणून आग नाही, असे समीकरण मांडता येत नाही.

आणि समजा आगीची भीती बाजूला ठेवली, तरी या ठिकाणी नट तापवणे यांत्रिक दृष्ट्याही चुकीचे आहे. आपल्या फिटिंगमध्ये नळीवरच्या नटाला बाहेरून आटे आहेत आणि तो फिल्टरच्या तोंडात आत शिरलेला आहे. आतला भाग तापवला तर तो फुगून अधिकच घट्ट बसतो. सैल करायचे तर बाहेरचा भाग तापवायला हवा, आणि इथे बाहेरचा भाग म्हणजे पेट्रोलमध्ये भिजलेला कागद पोटात बाळगणारा फिल्टर. त्याला तापवण्याची कल्पना कोणी करू नये.

तापवण्याऐवजी गारवा वापरता येतो. यंत्राचे भाग गोठवण्यासाठी फवाऱ्याचे डबे मिळतात. तो फवारा फक्त आतल्या नटावर सोडला तर नट किंचित आकसतो. हिशेब केला तर १४ मिमी व्यासाच्या लोखंडी नटाचे तापमान ७० अंशांनी उतरवल्यास त्याचा व्यास जेमतेम ०.०१२ मिमीने घटतो. वाचायला हे हास्यास्पद वाटते, पण गंजाचा थर ठिसूळ असल्यामुळे त्याला तडा जायला आणि मग तेल आत शिरायला एवढी हालचाल पुष्कळदा पुरते. मात्र डब्यावरचा मजकूर वाचून तो वायू ज्वलनशील नसल्याची खात्री करूनच डबा घ्यावा. असे काही फवारे स्वतःच पेट घेणारे असतात.

आपण एक बाजू उघडली तेव्हा नळीतला दाब निघून गेलाच असणार, पण पुढे हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. इंजेक्शनच्या गाडीत नळीत सामान्यतः २.५ ते ४ बार दाब असतो आणि तो इंजिन बंद केल्यावरही बराच काळ टिकून राहतो. म्हणून आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्यावे, नंतर स्टार्टर आणखी काही सेकंद फिरवावा, टाकीचे झाकण उघडून आतला वाफेचा दाब सोडावा, मग बॅटरीची ऋण वायर काढावी आणि पहिला नट सोडताना त्याभोवती फडके गुंडाळावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब अर्ध्या बारच्या आतबाहेरच असतो, तरी डोळ्यांत उडालेले पेट्रोल तितकेच झोंबते. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे वापरा. हात वर करून काम करताना पेट्रोल मनगटावरून कोपराकडे आणि तिथून थेट काखेत उतरते, हे एकदा अनुभवलेला माणूस पूर्ण बाहीचा शर्ट घालून गाडीखाली जात नाही.

उजेडासाठी काचेचा तापणारा बल्ब मुळीच नको. तो खाली पडून फुटतो किंवा त्याच्यावर पेट्रोलचा थेंब पडतो, आणि अशा आगी सगळ्यांत जास्त बेसावध क्षणी लागतात. एलईडीचा बंदिस्त दिवा घ्या, काम उघड्यावर करा, आणि कोरड्या पावडरचे किंवा फेसाचे अग्निशामक गाडीखालून हात पोहोचेल इतक्या जवळ ठेवा.


आट्यापाट्या

सबुरी यांनी आगीविषयी लिहिले ते सर्व मान्य. मी फक्त नटाविषयी लिहितो, कारण प्रश्नातल्या एका वाक्यात अर्धे उत्तर दडलेले आहे.

आपण लिहिता की नट किंचित हलला आणि नळीही पिळली गेली. अशा फिटिंगमध्ये गंज दोन वेगवेगळ्या जागी धरतो, आणि दोन्हींवर उपाय वेगळा असतो. पहिली जागा म्हणजे नटाचे आटे आणि फिल्टरचे आटे यांच्यामधली. दुसरी जागा म्हणजे नटाच्या आतले भोक आणि त्यातून गेलेली नळी यांच्यामधली. नवी असताना ही नळी नटात मोकळी फिरते. नट फक्त नळीच्या टोकाला असलेल्या पसरट तोंडाला, म्हणजे फ्लेअरला, मागून दाबून धरतो. पण नटाच्या मागच्या बाजूने पाणी आणि माती त्या बारीक फटीत शिरते, तिथे गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे नट नळीला जणू वितळवून चिकटवल्यासारखा घट्ट होतो.

नट हलला आणि त्याच्याबरोबर नळी पिळली, पण फिल्टर जागचा हलला नाही, असे असेल तर ती वाईट बातमी नव्हे. याचा अर्थ आटे सुटले आहेत आणि नट फक्त नळीला चिकटला आहे. पण खात्री करा. पांढऱ्या रंगाने किंवा खडूने फिल्टरचे षटकोनी तोंड, नट आणि नळी या तिघांवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. मग अगदी थोडा, पाच अंशांहून कमी, जोर देऊन पाहा. रेघ फिल्टर आणि नट यांच्यामध्ये तुटली तर आटे मोकळे आहेत. नट आणि नळी यांच्यामध्ये तुटली तर नळी मोकळी आहे. कुठेच तुटली नाही आणि सगळेच एकत्र फिरले, तर आपण फिल्टरच फिरवत आहात आणि नळी पिळत आहात; तिथे ताबडतोब थांबा.

आता मुख्य मुद्दा. फिल्टर टाकून द्यायचा आहे आणि नळी ठेवायची आहे. मग जे ठेवायचे ते फिरवायचे कशाला? नट स्थिर धरा आणि फिल्टर फिरवा.

टाकीकडची बाजू आधीच सुटलेली आहे, ही इथे मोठी सोय आहे. ती नळी बाजूला सारा, तिच्या तोंडाला बूच लावा, फिल्टरची पट्टी पूर्ण सैल करा. नटावर एक पाना बसवा आणि त्याचा दांडा गाडीच्या तळाच्या एखाद्या मजबूत कडेला टेकवा, म्हणजे येणारा सगळा जोर गाडीच्या सांगाड्यावर जाईल आणि नळीपर्यंत पोहोचणार नाही. दुसरा पाना फिल्टरच्या षटकोनी तोंडावर लावा. फिल्टरच्या गोल पत्र्याला पकडून फिरवू नका. तो पत्रा चुरगळतो आणि आत राहिलेले पेट्रोल अंगावर येते. फिल्टरच्या मागून नटाकडे पाहिले असता फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने फिरला पाहिजे. पाठीवर पडून हात डोक्यावर घेतले की डावे-उजवे हमखास उलटते, आणि मी स्वतः असा एक नट पाच मिनिटे मनोभावे आवळत बसलो होतो, म्हणून दिशेची खूणसुद्धा खडूने काढून ठेवतो.

सुरुवात सोडण्याने करू नका. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, पुन्हा आवळण्याच्या, असे झुलवत न्या. दर खेपेला तेलाचा एक थेंब. गंजाचा चुरा आट्यांच्या बाहेर यायला वाट लागते. एकाच दिशेने रेटत राहिलात तर तोच चुरा पाचरीसारखा अडकून आटे खरडतो.


पाना_१४

फिल्टर फिरवण्याची कल्पना उत्तम, पण नट धरायचा कशाने, हा प्रश्न उरतोच, कारण त्याचे दोन कोपरे आधीच गेले आहेत.

उघड्या तोंडाचा पाना नटाच्या फक्त दोन बाजूंना धरतो आणि जोर वाढला की त्याचा जबडा उमलतो. या कामासाठी फ्लेअर नटाचा पाना वेगळा मिळतो. तो रिंग पान्यासारखाच दिसतो, पण नळीवरून आत सरकवता यावा म्हणून त्याला एका बाजूला खाच असते आणि तो षटकोनाच्या पाच बाजू पकडतो. घेताना सहा पैलूंचा घ्या; बारा पैलूंचा पाना घासलेल्या नटावर पुन्हा निसटेल. नटाचे पैलू तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा, नाहीतर पाना मातीच्या थरावर बसतो आणि बसल्यासारखा नुसता वाटतो. तुमचा नट नक्की किती मापाचा आहे तेही पुन्हा मोजा. गंजाने पैलू झिजल्यावर १४ चा पाना ढिला होतो, आणि अशा वेळी त्याच्या जवळचे इंची मापाचे पाने लावून पाहावेत. एखादा थोडा ठोकून बसतो आणि नेमका हवा तसा घट्ट धरतो.

फ्लेअर पानाही निसटला तर व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून अडकवून ठेवता येणारी पकड. याबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. लोक व्हाइस ग्रिप शेवटचा उपाय म्हणून वापरतात, म्हणजे सहाही कोपरे गोल झाल्यावर, जेव्हा तिला पकडायला काही उरलेले नसते. चार कोपरे शिल्लक असतानाच ती लावली तर ती खरोखर चावते. स्क्रू इतका आवळा की दांडा मिटताना तळहात दुखला पाहिजे. मात्र ती नटाच्या पुढच्या, फिल्टरकडच्या भागावरच बसली पाहिजे. मागे सरकून नळीवर चावली तर नळी चेपली, आणि मग पुढची चर्चा नळी बदलण्याचीच.

तेलाविषयी. पाच मिनिटे मुरवणे म्हणजे न मुरवणेच. आज संध्याकाळी, उद्या सकाळी, उद्या संध्याकाळी असे तीन-चार वेळा थोडे थोडे सोडा. तुमच्या बाबतीत तेल नटाच्या मागून, नळी जिथे नटात शिरते त्या कडेला गेले पाहिजे. पुढच्या आट्यांवर ओतलेले तेल नळीच्या फटीत पोहोचत नाही. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून बरेच कारागीर वापरतात आणि ते मुरतेही चांगले, पण ॲसिटोन पेट्रोलइतकाच पटकन पेट घेतो आणि गाडीचा रंग, रबर दोन्ही खातो, तेव्हा आजूबाजूच्या रबरी होजवर तो सांडू देऊ नका.

तेल मुरत असताना नटाला हलके ठोके द्या. नटाच्या एका पैलूला जड लोखंडाचा तुकडा टेकवून धरा आणि समोरच्या पैलूवर लहान हातोडीने टक-टक-टक असे वीस-पंचवीस ठोके मारा. हातोडी पितळेची असावी, ठिणगी पडत नाही. इथे जोर महत्त्वाचा नसतो, थरथर महत्त्वाची असते. मागे आधार न देता ठोकलेत तर सगळा मार नळी खाते.


क्लिपवाला

थोडे वेगळे, पण उपयोगाचे. नंतरच्या काळातल्या अनेक गाड्यांत याच जागी आट्यांचा नट नसून प्लास्टिकच्या कळांचे, दाबून बसणारे जोड असतात आणि तेही मातीने जाम होतात. तिथे ओढण्याआधी जोड आतल्या दिशेने ढकलावा लागतो, म्हणजे कळांवरचा ताण जातो, मग कळा दाबून बाहेर ओढायचा. आधी ब्रशने आणि हवेने माती काढा. कळा तुटल्या तर बदला. तारेने बांधून चालवू नका. जुनी_चारचाकी यांना याचा उपयोग नाही, याची जाणीव आहे.


जुनी_चारचाकी

सर्वांचे मनापासून आभार. टॉर्च परत पाठवली.

रेघ ओढून पाहिली. आट्यापाट्या म्हणतात तसेच निघाले: रेघ फिल्टर आणि नट यांच्यामध्ये तुटते, नट आणि नळी मात्र एकजीव झाल्यासारखे एकत्र फिरतात. फ्लेअर पाना आणला आहे, तो नटावर बऱ्यापैकी बसतो. नटाच्या मागून दोन रात्री तेल मुरवले आणि पाना_१४ यांनी सांगितल्याप्रमाणे ठोके दिले, पण नट नळीवर अजून फिरत नाही.

फिल्टर फिरवून काढण्यापूर्वी दोन शंका. पहिली अशी की, फिल्टर फिरताना नळीच्या फ्लेअरवर घासणार नाही का, आणि त्याने पुढे गळती होणार नाही का? दुसरी अशी की, नट नळीला चिकटलेलाच राहिला तर नवा फिल्टर बसवायचा कसा?


आट्यापाट्या

पहिली शंका रास्त आहे. नेहमीच्या आवळण्यात नट फिरतो आणि फ्लेअर जागच्या जागी दाबला जातो, म्हणून तिथे घर्षण फारसे होत नाही. फिल्टर फिरवला तर त्याची बैठक, म्हणजे फ्लेअर जिथे टेकतो ती आतली जागा, फ्लेअरवर घासते. पण सोडताना दाब पहिल्या काही अंशांतच संपतो आणि त्यानंतर दोघांचा संबंध सुटतो, तेव्हा काढताना नुकसान होण्याची शक्यता कमी. सुटल्यावर फ्लेअरचे तोंड स्वच्छ फडक्याने पुसून भिंगाखाली पाहा. एकसारखी, चकचकीत वर्तुळाकार रेघ दिसली तर उत्तम. आडवा ओरखडा किंवा कडेला चीर दिसली तर तो फ्लेअर पुन्हा वापरू नये.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तितकेच सोपे. फिल्टर निघाल्यावर पहिल्यांदाच नळीचे टोक आपल्या हाताला मोकळे मिळेल. नट तेव्हा मागे सरकवून पाहता येईल आणि तेल दोन्ही बाजूंनी सोडता येईल. नळी फ्लेअरच्या मागे, लाकडाच्या दोन तुकड्यांत नळीच्या मापाचे भोक पाडून त्यात हलकी दाबून धरा, आणि नट पान्याने झुलवा. दहातल्या आठ वेळा तो इथे सुटतो, असे मी अनुभवावरून म्हणेन. मोजदाद केलेली नाही. तरीही नाहीच सुटला, तर नवा फिल्टर त्या नटावर फिरवून चढवा आणि टाकीकडच्या बाजूचा मोकळा नट नेहमीप्रमाणे आवळा. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण टाकीकडची बाजू आधी जोडली की फिल्टर फिरणारच नाही. चढवताना फ्लेअरच्या तोंडावर इंजिन ऑइलचा एक थेंब लावा, म्हणजे बैठक खरडली जाणार नाही.

आट्यांवर टेफ्लॉनची टेप कृपया गुंडाळू नका. या जोडात गळती आटे थांबवत नाहीत, फ्लेअरची शंकूसारखी बैठक थांबवते. टेपचे धागे मात्र सुटून थेट इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात.


सबुरी

कापण्याविषयी आपण सुरुवातीला विचारले होते, ते अनुत्तरित राहिले आहे, म्हणून लिहितो. गरज पडू नये.

नटाच्या मागे लागूनच नळी कापली की नटावर सहा पैलूंचा खोल सॉकेट पूर्ण बसतो आणि मग तो सुटला नाही असे सहसा होत नाही. पण ग्राइंडर नको, ठिणग्यांचा पाऊस पडतो. नळीभोवती फिरवून हाताने कापायचे छोटे कटर वापरा. कापण्याआधी पुढच्या टोकाशी नळीत किती सरळ लांबी उरते ते पाहा, कारण नवा फ्लेअर करण्याच्या साच्याला दीड-दोन इंच सरळ नळी लागते. नवा नट फ्लेअर करण्याआधी नळीत ओवायचा असतो. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण हा नट विसरून दुसऱ्यांदा नळी कापलेली माणसे मला माहीत आहेत, आणि त्यांतला एक मी आहे.

नवा फ्लेअर दुहेरी असावा, म्हणजे नळीची कड आत दुमडून मग पसरलेली. एकेरी फ्लेअर लोखंडी नळीत कडेला चिरतो. काही गाड्यांत ४५ अंशांचा उलटा फ्लेअर असतो आणि काहींत बुडबुड्यासारखा गोल. जुने टोक समोर ठेवून नेमका तसाच करावा, कारण एकाच्या बैठकीत दुसरा बसवला तर तो आवळताना बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की पाझरतो. नळी गंजून पातळ झाली असेल तर त्या टोकाला ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूच्या नळीचा तुकडा जोडता येतो. ती हाताने वळते आणि गंजत नाही. निव्वळ तांब्याची नळी मात्र थरथरीने कडक होऊन तडकते, ती टाळावी.

रबरी होजचा तुकडा घालून काम भागवायचे असेल तर होजवर जे३०आर९ असे छापलेले पाहा. जे३०आर७ हा कमी दाबाचा, कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीचा होज इंजेक्शनच्या दाबाला चालत नाही. नळीच्या टोकाला उंचवटा काढलेला हवा, नाहीतर होज दाबाने निसटतो, आणि क्लिपही सलग पट्टीची, दुमडलेल्या कडांची असावी. खाचा पाडलेली क्लिप रबरात रुतून ते कापते.


जुनी_चारचाकी

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लेअर पाना नटावर बसवून त्याचा दांडा तळाच्या बीमला टेकवला आणि दुसऱ्या पान्याने फिल्टर आधी आवळण्याच्या दिशेने किंचित झुलवला. तिसऱ्या खेपेला कट्ट असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा आला, कारण नळी तुटली असेच वाटले. पण रेघ पाहिली तर फिल्टर पाव फेरा फिरला होता आणि नळी जागच्या जागी होती. त्यानंतर तो जवळजवळ बोटांनीच निघाला. फ्लेअरवर एकसारखी चकचकीत रेघ आहे, ओरखडा नाही.

नळीचे टोक मोकळे झाल्यावर तेल लावून, लाकडात धरून, नट सुमारे अर्धा तास झुलवला. आतून तपकिरी चिखल निघत राहिला आणि शेवटी नट नळीवर मोकळा फिरू लागला, म्हणून नवा फिल्टर उलट्या पद्धतीने चढवावा लागला नाही. नट मागे सरकवून नळीचा तो भाग बारीक पॉलिश पेपरने साफ केला आणि तिथे, फक्त नटाच्या मागच्या बाजूला, आटे न धरू देणारे तांबट ग्रीस लावले. फ्लेअरच्या तोंडाला ते लागू दिले नाही. घासलेल्या कोपऱ्यांचा तो नट बदलायचा तर नळी कापावी लागेल, त्यामुळे तो तसाच ठेवला आहे. फ्लेअर पाना त्याला व्यवस्थित धरतो.

दोन्ही नट आधी बोटांनी तीन-चार फेरे चढवून मगच पाना लावला. फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे, हे दोनदा पाहिले. बॅटरी आणि फ्यूज जोडून इंजिन चालू न करता किल्ली तीन वेळा फिरवली, म्हणजे पंप दर वेळी दोन-तीन सेकंद चालून नळीत दाब येतो, आणि गाडीखाली जाऊन दिव्याने पाहिले. गंमत अशी की जाम नटाची बाजू कोरडी होती आणि सहज सुटलेल्या, टाकीकडच्या नटाला थेंब आला होता. पंप बंद ठेवून, दाब सोडून, दोन पाने लावून तो किंचित आवळला आणि पुन्हा तपासला. इंजिन गरम झाल्यावर एकदा पाहिले. रात्री फिल्टरच्या खाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवला होता. आज तिसऱ्या सकाळीही तो कोरडा आहे, आणि जुना फिल्टर कापला तेव्हा त्यातून चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला.